सेल्फचा बाप : चार्ल्स केटरिंग

गाडीने सकाळी सेल्फ घेतला नाही की आपण आधी बॅटरीला शिव्या घालतो आणि मग धक्का मारायला रूममेटला उठवतो. हा सेल्फ आला कुठून, हे शोधताना मला चार्ल्स केटरिंग सापडला आणि मी त्याचा फॅनच झालो.

केटरिंगचा जन्म १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या शेतकरी कुटुंबातला. डोळे इतके अधू की वाचायला बसलं की डोकं ठणकायचं. त्यापायी इंजिनिअरिंग अर्धवट सुटलं. पठ्ठ्या टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत कामाला लागला, पुन्हा कॉलेजात आला आणि १९०४ साली इलेक्ट्रिकलची डिग्री घेऊनच बाहेर पडला. तेव्हा वय होतं २७. इयर डाउन झालेल्यांनी नोंद घ्यावी!

पहिली नोकरी डेटन शहरात, दुकानातली गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. तिथे त्याने गल्ल्याला विजेची मोटर बसवली. पुढे एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात, ऑफिस सुटल्यावर, मोटारगाड्यांवर प्रयोग सुरू झाले. त्यातूनच १९०९ साली 'डेल्को' ही कंपनी उभी राहिली.

त्या काळी गाडी हँडल मारून चालू करायची. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. मोटर लावायची तर ती अवाढव्य लागेल, असं जाणकारांचं मत. केटरिंगने गल्ल्यावरून ओळखलं की मोटरला दिवसभर थोडंच पळायचंय? काही सेकंदच तर काम! तेवढ्यापुरता तिच्यावर जादा भार टाकला तरी ती जळत नाही. १९११ मध्ये सेल्फ तयार झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसला. इंजिन सुरू झालं की तेच यंत्र जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायचं.

आता आपल्या कामाची गोष्ट. थोडा वेळ, पण भरपूर करंट, हीच सेल्फची ताकद आणि हेच त्याचं दुखणं. समजा, गंजलेल्या टर्मिनलचा रेझिस्टन्स फक्त ०.०४ ओहम आहे. दिव्यांना १० अँपिअर लागतात, म्हणजे ०.४ व्होल्टच वाया जातात, दिवे लख्ख. सेल्फने १५० अँपिअर मागितले की ६ व्होल्ट तिथेच गडप! नुसतं 'टक्' वाजतं आणि बिचारी बॅटरी बदनाम होते. आमच्या लॅबमधल्या जुन्या गाडीवर मी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या खांबावर, दुसरी त्याच्या क्लॅम्पवर ठेवली आणि मित्राला सेल्फ मारायला लावला. काटा शून्याजवळ राहायला हवा होता, तो चांगलाच हलला. निगेटिव्ह वायर आधी सोडून दोन्ही टोकं घासली, आवळली. गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

केटरिंगला मी देव मात्र करणार नाही. तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख असताना, १९२१ साली तिथेच शिसंयुक्त पेट्रोलचा शोध लागला. १९२४ मध्ये ते शिसं बनवताना कामगार विषबाधेने मेले, तरीही त्याने त्याची पाठराखण केली. भारतात ते पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. मोटर किती वेळ चालणार, हे अचूक विचारणाऱ्या माणसाने धुराड्यातून निघालेलं शिसं किती वर्षं टिकणार, हेही विचारायला हवं होतं.

१९५८ साली तो गेला. आपण मात्र रोज त्याचीच किल्ली फिरवतो. तेव्हा दिवे लागतायत पण सेल्फ लागत नाही, असं झालं तर रूममेटला झोपू द्या; आधी टर्मिनल बघा.