योगवर्गातले नियम आणि स्वामी कुवलयानंद

योगवर्गात नाव घातले की पहिल्याच दिवशी काही गोष्टी कानावर पडतात. रिकाम्या पोटी या. वेळेवर या. चपला बाहेर काढा. शेजारी वाकतो तेवढे वाकायला जाऊ नका. शवासन झाल्याशिवाय उठू नका. काही आजार असेल तर आधी सांगा. नवखी मंडळी याकडे देवळातल्या रीतींसारखी बघतात. पाळल्या तर बरे, नाही पाळल्या तर कोण विचारतो? या रीतींमागचे कारण शरीरात सापडते का, हे पाहण्यात ज्यांनी आयुष्य घातले, ते जगन्नाथ गणेश गुणे. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद म्हणून ते आपल्याला माहीत आहेत.

गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याला कॉलेजात असताना १९०७ ते १९१० या काळात ते जुम्मादादा व्यायामशाळेत माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. म्हणजे त्यांची पहिली शाळा योगाची नव्हे, आखाड्याची. वस्तादाने सांगितल्याखेरीज पुढचा डाव करायचा नाही, अंगात रग आहे म्हणून जोर वाढवायचे नाहीत, ही आखाड्यातली शिस्त.

पुढे ते खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर इथे परमहंस माधवदासजींची भेट झाली आणि आयुष्याची दिशा बदलली. परंपरेत गुरूने दिलेली क्रिया शिष्याने मुकाट करायची असते. गुणे यांनी ती केली, मनापासून केली. पण करताना पोटात नेमके काय होते, हा प्रश्न त्यांना सोडेना. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया क्ष-किरणांखाली पाहिल्या. त्या काळच्या साधकांना हे काही रुचण्यासारखे नव्हते. मला मात्र यात गुरूचा अनादर दिसत नाही. विद्या खरी असेल तर ती यंत्रापुढेही टिकेल, असा विश्वास असल्याशिवाय माणूस ती इस्पितळात नेत नाही.

उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, नाक-घसा बंद ठेवून छाती फुगवायची, पण हवा आत येऊ द्यायची नाही. छातीतला दाब घटतो, श्वासपटल वर ओढले जाते, पोट पाठीकडे खोल जाते. नौलीत त्यापुढे पोटाचे मधले स्नायू आवळून त्यांचा उभा दांडा पुढे काढतात. यावेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे कुवलयानंदांनी दाबमापक लावून दाखवले. बस्तीच्या क्रियेत पाणी आपोआप आत कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या पोकळीला त्यांनी गुरूचे, माधवदासांचे नाव दिले. आता भाकरी-भाजी खाऊन भरलेल्या पोटाने हे करून बघा, म्हणजे रिकाम्या पोटाचा नियम कोणी का घातला ते आपोआप कळेल.

१९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. त्यात प्रयोगांच्या नोंदी असत, तसेच सामान्य वाचकाला घरी करता येईल असे आसनांचे वर्णनही असे. प्राणायामाने शरीराला भरमसाट प्राणवायू मिळतो ही समजूत तेव्हाही होती, आजही आहे. कुवलयानंदांनी ती मान्य केली नाही. दीर्घ श्वसनात मिनिटाला श्वासच कमी होतात, त्यामुळे प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या मापात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याच विद्येविषयीचा लाडका समज खोडून काढायला धैर्य लागते.

आसनांवरच्या पुस्तकात त्यांनी विद्यार्थ्याने काय पाळावे हे तपशिलाने लिहिले. कोणतीही क्रिया घाईने नको, दमछाक होईपर्यंत नको. जड जेवणानंतर काही तास जाऊ द्यावेत. मध्ये खंड पडला तर पुन्हा थोड्यापासून सुरुवात करावी. दणकट व्यायाम आणि योगासने एकमेकांना चिकटून करू नयेत. कान वाहत असेल, डोळ्यांच्या रक्तवाहिन्या नाजूक असतील, हृदय अशक्त असेल, त्यांनी उलट्या आसनांपासून जपावे. रक्तदाब कायम जास्त किंवा कायम कमी राहणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

डोळ्यांची ती सूचना आज वाचताना थांबायला होते. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे अलीकडच्या काळात मोजले गेले आहे. काचबिंदू असलेल्याला ते परवडणारे नाही. तरी आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारे किती जण वर्गात शिक्षकाला आपला आजार सांगतात? विचारले तर उत्तर येते, सगळ्यांसमोर कसे सांगायचे! मग वर्गाआधी पाच मिनिटे लवकर जा आणि बाजूला घेऊन सांगा.

कुवलयानंदांचे सगळेच टिकले असे नाही. सर्वांगासनाने गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला भरपूर रक्त मिळते आणि ती सुधारते, हा त्या काळचा तर्क त्यांनीही मांडला. त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. त्या भरवशावर थायरॉईडची गोळी बंद करून सुजलेल्या चेहऱ्याने येणारे रुग्ण आम्ही पाहतो. त्यांचे प्रयोगही मोजक्या माणसांवरचे. पण क्ष-किरण यंत्रच जिथे अपूर्वाईचे होते, त्या काळात त्याहून जास्त मागणे बरोबर नाही.

त्यांचा लौकिक वाढला. १९२७ मध्ये गांधीजींचा रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला. तीसच्या दशकात येल विद्यापीठातले बेहानन लोणावळ्याला येऊन शिकले आणि परत जाऊन त्यांनी स्वतःवर श्वसनाच्या चाचण्या केल्या. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामात कुवलयानंदांनी शाळकरी मुलांसाठी सामुदायिक आसने बसवली. आपण आज शाळेच्या मैदानावर रांगेत जे पाहतो, त्याची एक मुळी इथली. मुंबईत चौपाटीजवळ केंद्र निघाले, पन्नाशीच्या सुरुवातीला लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय आणि १९६१ मध्ये रुग्णालय झाले.

१८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. ‘योगमीमांसा’ आजही निघते.