अणुभट्टीच्या आधीचे होमी भाभा : अणुकेंद्रक फुटत का नाही, हे शोधणारा माणूस

होमी भाभा म्हटलं की ट्रॉम्बेची अणुभट्टी आठवते. पण त्याआधी ते एका वेगळ्याच प्रश्नामागे होते. केंद्रकात प्रोटॉन दाटीवाटीनं असतात. सगळ्यांवर धन भार, म्हणजे ते एकमेकांना दूर ढकलणार. मग केंद्रक फुटत का नाही?

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. मुलानं इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात जावं, ही वडिलांची इच्छा. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले, इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास झाले आणि मग आवडत्या भौतिकशास्त्राकडे वळले.

१९३५ मध्ये जपानच्या हिदेकी युकावांनी उत्तर सुचवलं : केंद्रकातले कण एका मधल्या वजनाच्या कणाची देवाणघेवाण करतात आणि त्यातून त्यांना बांधणारं बल तयार होतं. पुढं वैश्विक किरणांत तशाच वजनाचा कण सापडला. तो युकावांचाच, असं अनेकांना वाटलं.

१९३८ मध्ये भाभांनी या कणाचं गणित मांडलं. त्याचा 'स्पिन' एक असावा, या कल्पनेवर काम करणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते. हा कण अल्पायुषी असला, तरी प्रचंड वेगामुळे त्याचं आयुष्य आपल्याला लांबलेलं दिसेल, हेही त्यांनी दाखवलं. आइनस्टाइनच्या सापेक्षतेची ती थेट परीक्षा होती. 'मेसॉन' हे सुटसुटीत नावही त्यांनीच १९३९ मध्ये सुचवलं.

गंमत म्हणजे तो कण युकावांचा नव्हताच. तो होता म्युऑन. खरा कण, पायॉन, १९४७ मध्ये सापडला. पण लांबलेल्या आयुष्याचं गणित म्युऑनलाही लागू पडलं. स्पिन एक असलेले मेसॉनही १९६१ मध्ये मिळाले.

तोवर भाभांची वाट बदलली होती. १९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्ध पेटलं. परतणं राहिलं. आधी बंगळुरूत संशोधन, मग १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुढं अणुऊर्जा कार्यक्रम. संस्था उभ्या राहिल्या, स्वतःचं संशोधन मागं पडलं. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लांवरच्या विमान अपघातात ते गेले.

प्रोटॉन क्वार्कचे बनलेत आणि ग्लुऑन त्यांना बांधतात, हा सिद्धांत १९७३ च्या सुमारास उभा राहिला. भाभांना तो पाहता आला नाही. कुलाब्यातल्या त्यांच्या संस्थेत मात्र या बलाची गणितं आज संगणकावर सोडवली जातात.