विल्बर राइट : पात्यांचा हिशेब

विमानाचा शोध कोणी लावला, या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी शाळेत लिहिले आहे आणि त्याचा एक गुणही मिळवला आहे. राइट बंधू. या जोडनावामुळे दोन माणसे एकाच माणसासारखी वाटू लागतात. प्रत्यक्षात विल्बर हा ऑरव्हिलपेक्षा चार वर्षांनी मोठा, अबोल, काहीसा एकलकोंडा, आणि लिहिण्यात फार चोख. विमानाचा ध्यास प्रथम त्याने घेतला. दुसरी एक गोष्टही शाळेत सांगत नाहीत. उडण्याचे कोडे पंखांनी आणि इंजिनाने सुटले नव्हते. इंजिनाची ताकद हवेच्या अंगात उतरवणारा जो प्रोपेलर, त्याच्यापाशी हे दोघे भाऊ एक अख्खा हिवाळा अडून बसले होते.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिलव्हिल या खेड्याजवळ झाला. वडील मिल्टन हे एका प्रॉटेस्टंट पंथाचे बिशप. सदा फिरतीवर, तत्त्वासाठी स्वपंथीयांशीही भांडणारे. आई सुसान ही गाड्या बनवणाऱ्याची मुलगी. घरात खिळा ठोकायचा असला तरी मुले आईकडे जात, वडिलांकडे नव्हे. १८७८ मध्ये वडिलांनी मुलांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू आणि कागद यांचे, रबराच्या पिळावर फिरत छताकडे झेपावणारे. ते लवकरच मोडले, पण मुलांनी तसली आणखी बनवली.

विल्बर अभ्यासात हुशार होता. येल विद्यापीठात जावे असे चालले होते. १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना तोंडावर काठी बसली, समोरचे दात गेले, आणि त्यानंतर प्रकृतीने आणि मनाने असे काही अंग टाकले की कॉलेजचा विषयच संपला. तीन-एक वर्षे तो घरीच राहिला. आईला क्षय झाला होता. तिला उचलून माडीवरून खाली आणायचे, पुन्हा वर न्यायचे, आणि उरलेल्या वेळात वडिलांची पुस्तके वाचायची, हा त्याचा दिनक्रम. १८८९ च्या जुलैत आई गेली. ज्याला आपण वाया गेलेली वर्षे म्हणतो त्यांत या मुलाचे सगळे शिक्षण झाले. दोघाही भावांना हायस्कूलचे प्रमाणपत्र कधीच मिळाले नाही. आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना, ज्यांना इंजिन म्हटले की दोन हात लांब राहावेसे वाटते, त्यांना ही गोष्ट थोडा धीर देणारी आहे.

पुढे ओहायो राज्यातील डेटन गावी भावांनी आधी छापखाना काढला, मग १८९२ मध्ये सायकलचे दुकान, आणि १८९६ पासून स्वतःच्या नावाच्या सायकली. त्याच वर्षी ऑटो लिलियेन्थाल हा जर्मन उड्डाणवीर ग्लायडरवरून पडून मेला. त्या बातमीने विल्बरच्या मनात जुने काहीतरी जागे झाले. ३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयी छापलेले सर्व साहित्य मागवले.

किटी हॉकच्या वाळूतले ग्लायडरचे प्रयोग सर्वश्रुत आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. १९०० आणि १९०१ साली निराशा झाली. लिलियेन्थालचे कोष्टक वापरून केलेले पंख अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी उचल देत. विल्बर इतका खचला की आपल्या हयातीत माणूस उडणार नाही, असे तो परतताना भावाजवळ बोलून गेला. पण डेटनला आल्यावर त्याने सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, तिच्या तोंडाशी पंखा लावला, आणि त्या वाऱ्याच्या बोगद्यात सुमारे दोनशे लहान लहान पंखांची मापे घेतली. दुसऱ्याची कोष्टके बाजूला ठेवून स्वतःची तयार केली. १९०२ चे ग्लायडर या मापांवर उभे राहिले आणि ते सहाशे फुटांवर तरंगत गेले. आता फक्त इंजिन बसवायचे, असे कोणालाही वाटले असते. त्यांनाही वाटले.

इंजिनाचे तुलनेने सोपे निघाले. आठ-नऊ अश्वशक्तीचे आणि १८० पौंडांहून जड नसलेले इंजिन द्याल काय, अशी पत्रे त्यांनी कारखान्यांना पाठवली. मनाजोगे कोणाकडेच नव्हते. तेव्हा दुकानातला कारागीर चार्ली टेलर याने लेथ आणि ड्रिल यांच्या बळावर सहा आठवड्यांत चार सिलिंडरचे इंजिन केले. त्याचा सांगाडा ॲल्युमिनियमचा ओतीव होता. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी घेताना तो फुटला, दुसरा ओतून आणावा लागला. तयार झालेले इंजिन सुरुवातीला क्षणभर सोळा अश्वशक्ती देई आणि तापले की बारावर स्थिरावे. मागितले होते त्यापेक्षा हे जास्तच होते.

प्रोपेलरचे मात्र तसे नव्हते. आगबोटींना पन्नास-साठ वर्षे प्रोपेलर लागत आले आहेत, तेव्हा त्यांचे शास्त्र ग्रंथालयात सापडेल आणि पाण्याच्या जागी हवेचे आकडे घातले की झाले, अशी भावांची समजूत होती. पुस्तके चाळली तेव्हा कळले की असे शास्त्रच नाही. जहाजवाले एक प्रोपेलर लावून पाहत, नाही जमला तर दुसरा. जहाजाला ते परवडते. जहाज वाईट प्रोपेलरनेही सावकाश का होईना चालते, विमान मात्र जमिनीवरच राहते.

इथे विल्बरची आणि ऑरव्हिलची खरी झेप दिसते. बाकीचे लोक प्रोपेलरला हवेत शिरणारे मळसूत्र समजत होते. या दोघांनी म्हटले की प्रोपेलर म्हणजे पंखच, फक्त सरळ न जाता गोल फिरत पुढे जाणारा. पंखाला वर उचल मिळते, पात्याला पुढे. मग बोगद्यातली आपली कोष्टके इथेही चालली पाहिजेत. म्हणायला एक वाक्य, पण त्याच्या पोटात केवढा गुंता! पात्याचे टोक वेगाने फिरते, बुंधा हळू, म्हणून प्रत्येक इंचाला कोन वेगळा हवा. यंत्र किती वेगाने पुढे जाईल त्यावर कोन अवलंबून, कोनावर जोर अवलंबून, आणि जोरावर पुन्हा यंत्राचा वेग. शिवाय हवा काही लाकडासारखी जागेवर थांबत नाही, तीही मागे सरकते. एक आकडा धरावा तर बाकीचे सगळे हलू लागतात. कोन फार तिरपा ठेवला तर इंजिनाचा दम कोंडतो आणि ते आपल्या पुऱ्या फेऱ्यांना पोहोचतच नाही. कोन फार कमी ठेवला तर इंजिन भरधाव फिरते आणि ढकलणे मात्र होत नाही. बरे, जमिनीवर बांधून ठेवलेल्या यंत्राचा जोर मोजावा, तर हवेत पुढे जाताना तो तेवढा राहत नाही.

दोघे दिवसदिवस वाद घालत. आवाज चढत. घरच्यांना सवय झाली होती. मौजेची गोष्ट ही की पुष्कळदा तासाभराच्या भांडणानंतर थोरल्याने धाकट्याचे आणि धाकट्याने थोरल्याचे मत घेतलेले असे, आणि भांडण होते तसेच शिल्लक. मला स्वतःला या दोघांच्या चरित्रात उड्डाणापेक्षा हे वाद अधिक मोठे वाटतात. आपल्या वादविवाद स्पर्धांत पारितोषिक मिळते ते मत न सोडणाऱ्याला. या वादांत मत सोडणाऱ्याचीच सरशी होत होती.

वह्यांमागून वह्या आकड्यांनी भरल्यावर उत्तर आले. साडेआठ फूट व्यासाचे दोन मोठे प्रोपेलर, पंखांच्या मागे, एकमेकांच्या उलट दिशेने आणि सावकाश फिरणारे. मोठा का आणि सावकाश का? तेवढाच जोर मिळवायला थोड्या हवेला जोराने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवेला हळू ढकलणे स्वस्त पडते. इंजिन मिनिटाला हजाराच्या वर फेऱ्या घेणार, प्रोपेलरला हव्यात सुमारे साडेतीनशे. हा मेळ घालायला हे सायकलवाले दुसरीकडे कशाला जातील? आठ दात्यांचे लहान चाक इंजिनाकडे, तेवीस दात्यांचे मोठे चाक प्रोपेलरकडे, आणि मध्ये साखळी. एक प्रोपेलर उलटा फिरवायला त्याच्या साखळीला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ दिला. पाती स्प्रूस लाकडाचे तीन थर चिकटवून, हातकुऱ्हाडीने आणि तासणीने घडवली. अलीकडे या प्रोपेलरच्या हुबेहूब प्रतिकृती आधुनिक बोगद्यात तपासल्या, तेव्हा त्यांची कार्यक्षमता शेकडा ७५ च्या आसपास भरली. त्या काळी युरोपात इंजिनाच्या दांड्यालाच वल्ह्यासारखी धातूची पाती ठोकत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची किंमत कळते.

त्याच सुमारास स्मिथसोनियनचे प्रमुख सॅम्युअल लँगली सरकारी ५०,००० डॉलर घेऊन विमान करत होते. त्यांच्यासाठी स्टीफन बाल्झर याने प्रथम फिरते, म्हणजे रोटरी, इंजिन बनवायला घेतले होते. त्यात सिलिंडरच दांड्याभोवती फिरत. ते पुरेशी शक्ती देईना म्हणून चार्ल्स मॅनली याने सिलिंडर स्थिर करून त्यातून ५२ अश्वशक्ती काढली. राइटांच्या चौपट! ते इंजिन आपल्या काळातले एक आश्चर्यच होते. पण ताकद असून यंत्र दोनदा नदीत कोसळले. राइट बंधूंचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत होता.

किटी हॉकला १९०३ च्या शरदात मात्र एकामागून एक विघ्ने आली. यंत्राचे वजन ठरल्यापेक्षा वाढून सातशे पौंडांवर गेले. ५ नोव्हेंबरला इंजिन चालू करताच धक्क्यांनी प्रोपेलरचे दांडे निकामी झाले, ते दुरुस्तीला डेटनला पाठवावे लागले. अशा वेळी त्यांचे वडीलधारे स्नेही, इंजिनियर ऑक्टेव्ह शनूट भेटीला आले. त्यांनी सांगितले की साखळीत शेकडा वीस तरी ताकद वाया जाते. यांनी पाच धरले होते! पाहुणे गेल्यावर भावांनी एक साखळी चाकावर टाकली, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या टांगल्या, आणि एक बाजू उचलायला दुसरीकडे किती जास्त वाळू लागते ते मोजले. उत्तर पाचच आले. दांडे परत आले तर दातेरी चाके ढिली पडू लागली. तेव्हा सायकलचे टायर रिमला चिकटवायचा लुकण कामी आला. आपले सायकलवाले पंक्चरला सोल्यूशन लावतात, त्याच जातकुळीचा. प्रोपेलर साडेतीनशे फेऱ्यांनी फिरले आणि जोर भरला १३० पौंडांच्या वर. वाढलेल्या वजनालाही तो पुरून उरणारा होता. मग पुन्हा एका पोकळ दांड्याला तडा गेला. ऑरव्हिल डेटनला जाऊन भरीव पोलादी दांडे घेऊन ११ डिसेंबरला परतला.

१४ डिसेंबरला नाणेफेक विल्बरने जिंकली, पण त्याने नाक फार वर उचलले आणि यंत्र साडेतीन सेकंदांत खाली आले. १७ तारखेला पाळी ऑरव्हिलची. बारा सेकंद, १२० फूट. इतिहासात नाव त्याचे लागले. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण विल्बरचे. ५९ सेकंद, ८५२ फूट. त्यानंतर वाऱ्याच्या एका झोताने यंत्र उलथून मोडले.

पुढच्या दोन वर्षांत डेटनजवळच्या कुरणात त्यांनी यंत्र घडवत नेले. तेव्हाही प्रोपेलरचे गणित आणि प्रत्यक्ष जुळेना. पाती दाबाखाली पिळली जाऊन कोन बदलतो, असा संशय आला. तो पडताळायला त्यांनी पात्यांच्या मागे लहान पट्ट्या बसवल्या. संशय खरा ठरला. मग पात्यांची टोके मागे वळवली, म्हणजे पीळ आपोआप सावरला जाई. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर ३९ मिनिटांत २४ मैल उडाला.

जगाने मात्र त्यावर विश्वास ठेवला तो ८ ऑगस्ट १९०८ रोजी. फ्रान्समध्ये ल मां गावाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर विल्बरने पावणेदोन मिनिटांचे उड्डाण केले आणि थट्टा करणारे फ्रेंच गप्प झाले. पण दीड महिन्याच्या आतच तिकडे अमेरिकेत फोर्ट मायर येथे, १७ सप्टेंबरला, ऑरव्हिलच्या यंत्राचे एक पाते उभे तडकले. जोराचा तोल गेला, कंपनांनी प्रोपेलर शेपटीच्या तारेला लागला, आणि यंत्र जमिनीवर आदळले. सोबतचा तरुण लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी मरण पावला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातातला हा जगातला पहिला बळी. ऑरव्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. ज्या पात्यांवर दोघांनी हिवाळाभर डोके फोडले होते, त्यांतल्याच एकाने हे केले. विल्बरने उड्डाणे थांबवली आणि सायकलवर एकटाच निघून गेला. आपण तिथे असतो तर हे घडले नसते, असे त्याने बहीण कॅथरिनला लिहिले. चौथ्या दिवशी त्याने पुन्हा यंत्र बाहेर काढले आणि दीड तास हवेत राहिला.

त्यानंतरचे आयुष्य वैभवाचे आणि दुःखाचे. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीवरून लाखो लोकांसमोर तो उडाला. पण पेटंटचे खटले सुरू झाले. प्रयोग बाजूला पडले, वकील आणि साक्षी उरल्या. तोवर फ्रान्सच्या सेगँ बंधूंनी नोम हे रोटरी इंजिन आणले होते. त्यात प्रोपेलर फिरत्या सिलिंडरांनाच जोडलेला, साखळी नाही, दातेरी चाके नाहीत. नव्या यंत्रांनी राइटांना मागे टाकले. विल्बरने तो सारा काळ कोर्टात घालवला नसता तर, असा विचार मनात येतो आणि चुटपुट लागते. साखळीची कल्पना मात्र अगदीच मेली नाही. हौसेने घरी विमान बांधणारे आजही मोटारीचे वांकेल इंजिन बसवतात, तेव्हा त्याच्या भरमसाट फेऱ्या दातेरी चाकांनी दोन-तीनपट कमी करूनच प्रोपेलरला देतात.

१९१२ च्या वसंतात बॉस्टनच्या प्रवासात तापाची सुरुवात झाली. विषमज्वर निघाला. ३० मे १९१२ रोजी, ते पत्र लिहिल्याला बरोबर तेरा वर्षे होत असताना, पंचेचाळिसाव्या वर्षी विल्बर गेला. लग्न त्याने केले नव्हते. डेटनबाहेर हॉथॉर्न हिल नावाचे मोठे घर बांधायचे ठरले होते. त्याने त्यात स्वतःपुरती मागितली होती ती एक खोली आणि एक न्हाणीघर. त्या घरात वडील, ऑरव्हिल आणि कॅथरिन १९१४ मध्ये राहायला गेले.