शाहू महाराजांचे ससाणे

गेल्या उन्हाळ्यात बारामतीत आमच्या लिंबाखाली शिकऱ्याचे पिल्लू पडले. शेजारचा मुलगा ते पाळायचेच म्हणून हटून बसला. त्याला समजावताना मला थोरले शाहू महाराज आठवले.

साताऱ्याच्या या छत्रपतींना शिकारीचा भारी नाद. ससाणे उडवून केलेली शिकारही त्यांना प्रिय होती. वाघापासून धन्याला वाचवणाऱ्या त्यांच्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला दाखवतात. ससाण्याची समाधी मात्र कुठे ऐकिवात नाही, आणि त्याला कारण आहे. ससाणा भुकेने बांधलेला असतो. त्याला रात्ररात्र मुठीवर जागवायचे, मुठीवरच मांस भरवायचे, वजन किंचित उतरवायचे. मग तो हाकेला परततो. पोटभर खाऊन उडाला की गेला! घरट्यातून उचललेल्या पिल्लाची तऱ्हा निराळी. ते माणसालाच आईबाप समजते, खाण्यासाठी सारखे ओरडते, मोठे झाल्यावर प्रसंगी अंगावरही येते. म्हणून जुने बाजदार रानात शिकार शिकलेला पक्षी धरणेच पसंत करीत.

शाहूराजे स्वतः घरट्यातून उचललेले. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. आई येसूबाईंसह मोगलांच्या छावणीत गेले ते अठरा वर्षे तिथेच राहिले. औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा हिने त्यांच्यावर माया केली. १६९५ ते १६९९ ही छावणी भीमाकाठी ब्रह्मपुरीला होती. त्याच नदीच्या वरच्या अंगाला इंदापूर, जिथे त्यांचे खापरपणजे मालोजीराजे लढाईत पडले होते.

१७०७ मध्ये मोगलांनी त्यांना सोडले ते मराठ्यांत दुही माजावी म्हणून. ती माजलीही. पण सोडलेला पक्षी मुठीवर परतला नाही. औरंगजेबाच्या कबरीला त्यांनी मान दिला म्हणून काहीजण त्यांना मिंधे ठरवतात. मला ते पटत नाही. भरवल्या हाताची जाण त्यांनी ठेवली, इतकेच. त्यांच्याच कारकिर्दीत १७१९ मध्ये मराठी फौजा दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आल्या, १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकला. त्या सनदांच्या वर्षीच येसूबाईही सुटून आल्या. तोवर मुलगा सदतिशीला टेकला होता.

शेजारच्या मुलाला मी १९७२ चा वन्यजीव कायदा सांगितला. त्याने तो मुकाट ऐकला, पटला नसावा. शिडी लावून पिल्लू फांदीवर ठेवले. संध्याकाळी मादी सरडा घेऊन आली.