सुगिउरा रोकुएमोन (सहावे)

सहावे सुगिउरा रोकुएमोन (जन्म: इ.स. १८४७; मृत्यू: इ.स. १९२१) हे जपानी व्यापारी व उद्योजक होते. जपानमध्ये छायाचित्रणाच्या साहित्याचा संघटित व्यापार आणि कॅमेऱ्यांचे उत्पादन सुरू करणाऱ्या आद्य व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. त्यांच्या कोनिशी होन्तेन या पेढीतूनच पुढे कोनिका ही जगप्रसिद्ध कंपनी उभी राहिली. काचेच्या प्लेटवर छायाचित्र घेणारे जपानचे सुरुवातीचे अनेक पेटी-कॅमेरे आणि घडीचे कॅमेरे त्यांच्या हयातीत याच पेढीने बाजारात आणले.

नाव

जपानी पद्धतीनुसार सुगिउरा हे आडनाव आहे. त्यांचे मूळ नाव रोकुसाबुरो होते. जपानमधील व्यापारी घराण्यांत कुटुंबप्रमुखाने पिढीजात नाव धारण करण्याची प्रथा होती. तीनुसार घराण्याची सूत्रे हाती आल्यावर ते सहावे रोकुएमोन झाले.

औषधांच्या दुकानातून छायाचित्रणाकडे

रोकुसाबुरो यांचा जन्म झाला तेव्हा जपानवर तोकुगावा शोगुनांची सत्ता होती आणि परदेशांशी होणाऱ्या व्यापारावर कडक निर्बंध होते. त्यांच्या तरुणपणी ही व्यवस्था कोसळली. बंदरे खुली झाली, १८६८ मध्ये मेइजी राजवट सुरू झाली आणि एदो शहराला तोक्यो हे नवे नाव मिळाले. छायाचित्रणाची कला याच काळात जपानमध्ये रुजली. १८६२ मध्ये उएनो हिकोमा यांनी नागासाकीत आणि शिमोओका रेन्जो यांनी योकोहामात व्यावसायिक छायाचित्रणगृहे उघडली होती.

रोकुसाबुरो तोक्योतील कोनिशीया रोकुबेई या औषधांच्या मोठ्या दुकानात व्यापार पाहत असत. १८७३ मध्ये त्यांनी तेथे छायाचित्रणाचे आणि शिळाछपाईचे साहित्य विकण्यास सुरुवात केली. औषधविक्रेत्याने या धंद्यात उतरणे स्वाभाविक होते. त्या काळी छायाचित्रकाराला काचेवर कलोडिअनचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावी लागे आणि थर ओला असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे. त्यामुळे त्याला कॅमेऱ्याइतकीच रसायनांचीही गरज असे. तोक्योतच आसानुमा शोकाई ही पेढी १८७१ पासून याच व्यवसायात होती आणि पुढे अनेक दशके ती कोनिशीची प्रमुख प्रतिस्पर्धी राहिली.

१८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी जुने दुकान धाकट्या भावाकडे सोपवले आणि निहोनबाशी या व्यापारी पेठेत कोनिशी होन्तेन, म्हणजे कोनिशी मुख्य दुकान, थाटले.

आयातीकडून उत्पादनाकडे

कॅमेरे, भिंगे, प्लेट, कागद आणि रसायने असा बहुतेक सर्व माल तेव्हा युरोप-अमेरिकेतून येत असे. तो महाग पडे आणि जहाजाची वाट पाहावी लागे. १८८२ पासून कोनिशी होन्तेनने काही साहित्य देशातच तयार करवून घेण्यास सुरुवात केली. यासाठी लाकूडकामाची जपानी परंपरा उपयोगी पडली. खिळ्यांऐवजी खाचा आणि सांधे वापरून पेट्या व कपाटे बनवणाऱ्या कारागिरांना कॅमेऱ्याची प्रकाशबंद पेटी बनवणे अवघड नव्हते. भिंगाची गोष्ट मात्र वेगळी होती. उत्तम प्रकारची काच ओतणे आणि ती अचूक वक्रतेत घासणे यासाठी लागणारा उद्योग देशात नव्हता. म्हणून देशी पेटीला परदेशी भिंग जोडून कॅमेरा पूर्ण केला जाई.

१८८० च्या दशकात कोरड्या प्लेटचा प्रसार झाला. १८८३ मध्ये एझाकी रेइजी यांनी अशा प्लेटवर सुमिदा नदीतील सुरुंगाच्या स्फोटाचे क्षणचित्र टिपले आणि नव्या तंत्राचा वेग लोकांना दिसला. प्लेट आधीच तयार मिळू लागल्याने अंधारा तंबू बरोबर नेण्याची गरज संपली आणि हौशी छायाचित्रकारांचा वर्ग निर्माण होऊ लागला. या वाचकांसाठी कोनिशी होन्तेनने १८९४ मध्ये शाशिन गेप्पो हे मासिक सुरू केले.

रोकुओशा आणि चेरी

१९०२ मध्ये रोकुएमोन यांनी तोक्योच्या योदोबाशी भागात रोकुओशा हा कारखाना उभारला. या नावातील रोकु म्हणजे सहा आणि ओ म्हणजे साकुरा, अर्थात चेरीचे झाड. मालकाच्या नावातील अंक आणि देशाचे आवडते फूल असे दोन्ही या नावात आले. या कारखान्यात छायाचित्रणाचा कागद आणि प्लेट बनवण्याचे काम सुरू झाले.

१९०३ मध्ये चेरी हा हाती धरण्याचा कॅमेरा विक्रीस आला. नाममुद्रा देऊन सामान्य ग्राहकांसाठी विकलेला हा पहिला जपानी कॅमेरा मानला जातो. साधे भिंग असलेली ही पेटी होती. तिच्यात व्हिजिटिंग कार्डाएवढ्या प्लेट भरता येत आणि एक चित्र घेतल्यावर पुढची प्लेट जागेवर आणता येई. १९०७ मध्ये साकुरा रिफ्लेक्स प्रानो हा जपानचा पहिला एकभिंगी रिफ्लेक्स कॅमेरा आला.

घडीचे प्लेट कॅमेरे

चेरीची रचना सोपी होती, पण पेटीची लांबी ठरलेली असल्याने अंतरानुसार फोकस साधता येत नसे. मोठ्या प्लेटसाठी तशीच पेटी केली असती तर ती हातात धरणेही कठीण झाले असते. घडीच्या कॅमेऱ्याने या दोन्ही अडचणी सोडवल्या. १९०९ मध्ये कोनिशीने लिली आणि पर्ल ही हाती कॅमेऱ्यांची दोन मालिका-नावे रूढ केली.

अशा कॅमेऱ्याची लाकडी पेटी चामड्याने मढवलेली असे. पुढची फळी खाली उघडली की तीच कॅमेऱ्याचा तळ बने. तळावरच्या रुळांवरून भिंगाची चौकट पुढे ओढली जाई आणि तिच्यामागे चामड्याचा भाता उलगडे. छायाचित्रकार मागच्या दुधी काचेवर उमटलेली उलटी प्रतिमा पाहून फोकस जुळवी. मग दुधी काचेच्या जागी प्लेटधारक बसवून, त्याची झडप काढून शटर दाबी. जपानमध्ये ८ × १०.५ सेंटिमीटरची तेफुदा प्लेट विशेष लोकप्रिय होती. तिच्यापासून थेट ठसा काढला तरी अल्बममध्ये लावण्याजोगे चित्र मिळे. पर्लमध्ये प्लेटबरोबर रोल फिल्म वापरण्याचीही सोय होती.

या कॅमेऱ्यांची रचना युरोपीय व अमेरिकी नमुन्यांवर आधारलेली होती आणि भिंगे व शटर बहुतांशी आयात केलेली असत. या परावलंबनाची किंमत पहिल्या महायुद्धात स्पष्ट झाली. १९१४ मध्ये जर्मनीशी व्यापार तुटला आणि भिंगे व रसायने दोन्ही दुर्मिळ झाली. देशात प्रकाशीय उद्योग उभारण्याची निकड सर्वांना पटली आणि १९१७ मध्ये निप्पोन कोगाकु, म्हणजे आजची निकॉन, स्थापन झाली. रोकुएमोन यांच्या हयातीत मात्र कोनिशीला स्वतःचे भिंग बनवता आले नाही. कंपनीचे हेक्सार भिंग १९३१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी आले.

अखेरचा काळ आणि वारसा

१९२१ मध्ये पेढीचे रूपांतर कोनिशिरोकु होन्तेन या कंपनीत झाले. कोनिशी आणि रोकुएमोन या दोन नावांच्या संयोगातून हे नाव बनले. त्याच वर्षी रोकुएमोन यांचे निधन झाले आणि सूत्रे सातव्या रोकुएमोन यांच्याकडे आली. छायाचित्रणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी संस्था असावी ही सहाव्या रोकुएमोन यांची इच्छा होती. तिला अनुसरून १९२३ मध्ये कोनिशी छायाचित्रण विद्यालय सुरू झाले. आजचे तोक्यो पॉलिटेक्निक विद्यापीठ हे त्याचेच विकसित रूप आहे. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला झालेल्या महाभूकंपात व त्यानंतरच्या आगीत निहोनबाशीची पेठ भस्मसात झाली, तरी कंपनी टिकून राहिली.

१९२५ मध्ये आलेला पर्लेट हा रोल फिल्मचा छोटा घडीचा कॅमेरा अतिशय लोकप्रिय ठरला. १९४० मध्ये साकुरा रंगीत फिल्म आली. १९८७ मध्ये कंपनीने कोनिका हे नाव घेतले आणि २००३ मध्ये मिनोल्टा कंपनीशी एकत्रीकरण होऊन ती कोनिका मिनोल्टा झाली. २००६ मध्ये या कंपनीने कॅमेरा व छायाचित्रण व्यवसायातून माघार घेतल्याचे जाहीर केले. रोकुसाबुरो यांनी १८७३ मध्ये सुरू केलेला हा धंदा अशा रीतीने १३३ वर्षांनी आवरता घेण्यात आला. रोकुओशा कारखाना होता त्या परिसरात आज शिंजुकु मध्यवर्ती उद्यान असून तेथे छायाचित्रण उद्योगाचे जन्मस्थान दर्शवणारा स्मारकस्तंभ आहे.