गाणं शिकलेला मंत्री आणि गायब झालेली गाणी

जिंतूरच्या स्टँडवर परभणीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या पोरापोरींकडे एकदा नीट बघा. प्रत्येकाच्या कानात हेडफोन आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. कोणी कुठलं गाणं ऐकायचं, हे कोणी कोणाला विचारत नाही. शेजारच्या टपरीवर मात्र रेडिओ चालू असतो आणि त्यावर विविध भारतीची जुनी गाणी लागलेली असतात. चहावाले काका ती निवांत ऐकत असतात.

पण दोस्तहो, एक काळ असा होता की देशाच्या सरकारी रेडिओवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळजवळ गायबच झाली होती. हे ज्यांच्या कारकिर्दीत घडलं तो माणूस मराठी होता, मूळचा पुण्याचा. आणि गंमत म्हणजे तो स्वतः गाणं शिकलेला होता. त्यांचं नाव डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षं ते देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. एवढा काळ हे खातं सांभाळणारी माणसं फार थोडी.

मंत्री होण्याआधी काय करत होते?

केसकरांचा जन्म १९०३ चा. कॉलेजच्या वयात असहकार आंदोलन सुरू झालं आणि ते त्यात उतरले. शिक्षण झालं काशी विद्यापीठात, म्हणजे लाल बहादूर शास्त्री जिथे शिकले तिथेच. पुढे तिथेच त्यांनी शिकवलंही. मग थेट पॅरिस गाठलं आणि तिथल्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर काँग्रेसच्या परराष्ट्र विभागाचं काम, पक्षाचं सरचिटणीसपद आणि १९४८ पासून परराष्ट्र खात्याचं उपमंत्रिपद. या सगळ्यासोबत एक नाद आयुष्यभर राहिला, तो धृपद गायकीचा.

थोडक्यात काय, तर अभ्यासक, शिक्षक, कार्यकर्ता आणि गाण्याचा जाणकार. त्यांनी केलेल्या प्रत्येक नियमात हे चारही जण दिसतात.

शिक्षकाने घेतलेली परीक्षा

तेव्हा रेडिओ म्हणजे फक्त सरकारी रेडिओ. आपलं जिंतूर त्या वेळी हैदराबाद राज्यात होतं. मुंबई राज्यात ते १९५६ साली आलं. पण हैदराबाद केंद्र लावा की मुंबई केंद्र, नियम दिल्लीचाच. राजेरजवाडे संपले होते, त्यामुळे गवयांना आधार उरला नव्हता. तो आधार आता रेडिओने द्यायचा, असं केसकरांनी ठरवलं.

१९५२ च्या जुलैमध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या गवयाची मैफल एकाच वेळी देशभर ऐकू येऊ लागली. आधी जी मैफल दरबारात किंवा बड्यांच्या दिवाणखान्यात व्हायची, ती आता रेडिओ असलेल्या कोणालाही फुकट मिळू लागली. पंडित रविशंकर यांच्या हाती आकाशवाणीचा वाद्यवृंद दिला गेला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलनं भरू लागली.

त्याच वेळी कलाकारांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी द्यायची पद्धत कडक केली. पंडित श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारखे जाणकार परीक्षक नेमले. हेतू बरा होता, म्हणजे वशिला नको, गुण बघा. पण आयुष्य गाण्यात घालवलेल्या नावाजलेल्या कलाकारांना पुन्हा परीक्षेला बसा म्हटल्यावर ते भडकले. निषेध झाले. शाळामास्तरचा खाक्या सगळीकडे चालत नाही, हे तेव्हा दिसलं.

गाण्यांना कात्री

सिनेमाच्या गाण्यांचा मामला तर याहून पेटला. ही गाणी उथळ आहेत, पाश्चात्त्य चालींच्या नकला आहेत, असं केसकरांचं मत होतं. रेडिओवर त्यांचा वेळ कमी केला गेला. कोणती वाजवायची ते निवडून घ्यायचं ठरलं. शिवाय सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून फक्त गायकाचं नाव सांगायचं असा नियम आला. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. बघता बघता रेडिओवरून सिनेमाची गाणी गेली.

म्हणजे सरसकट बंदीचा एखादा हुकूम निघाला नव्हता. नियम असे होते की परिणाम बंदीसारखाच झाला. हार्मोनियमवरची बंदीही लोक केसकरांच्या नावावर टाकतात. खरं तर ती १९४० पासूनच होती, केसकरांनी ती उठवली नाही एवढंच.

मग ऐकणारे गप्प बसले का? छे! त्यांनी रेडिओची सुई फिरवली आणि थेट कोलंबो लावलं. १९५२ च्या डिसेंबरमध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी लोक रेडिओला कान लावून बसू लागले. पत्रांचा ढीग पडू लागला. दिल्लीने दार लावलं, तर लोक समुद्रापलीकडून गाणी ऐकायला लागले.

गीतरामायण आणि विविध भारती

केसकरांनी सिनेमाच्या गाण्याला पर्याय म्हणून आकाशवाणीत सुगम संगीत तयार करायला सांगितलं. याच काळात, १९५३ साली पुणे केंद्र सुरू झालं आणि १९५५ च्या एप्रिलपासून तिथून दर आठवड्याला गीतरामायण ऐकू येऊ लागलं. एकूण ५६ गीतं. ती लिहिणारे गदिमा आणि चाली देणारे सुधीर फडके हे दोघं सिनेमातलेच! ज्या सिनेमावाल्यांना उथळ म्हटलं जात होतं, त्यांनीच रेडिओला त्याचं सोनं दिलं.

शेवटी सरकार नमलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी घरी परतली. ती सुरू झाली तेव्हा मंत्री केसकरच होते. आपला नियम चालत नाही हे मान्य करून, त्याच खुर्चीत बसून त्यांनी नवी वाट काढू दिली. हे सगळ्यांना जमत नाही.

त्यांच्या खात्यात आणखीही बरंच घडलं. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवून बघितली. कार्यक्रम ऐकायचा आणि मग गावात बसून त्यावर चर्चा करायची. त्याच वर्षी वर्तमानपत्रांच्या नोंदणीसाठी निबंधकाचं कार्यालय उघडलं. त्याची शिफारस करणाऱ्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्षही मराठीच, न्यायमूर्ती राजाध्यक्ष. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शनचा पहिला प्रयोग झाला. १९६२ ची निवडणूक हरल्यावर केसकर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचे अध्यक्ष झाले आणि तिथे रमले. १९८४ साली ते गेले.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. संगीताच्या पडझडीचा दोष त्यांनी आपल्या लेखनात मुसलमान गवयांच्या परंपरेवर टाकला. पिढ्यान् पिढ्या राग जपणाऱ्या उस्तादांवर हा अन्यायच होता, आणि अभ्यासक तो आजही दाखवून देतात.

तुमचा काय संबंध?

संबंध आहे. तुमच्या मोबाइलवर काय दिसावं, कोणतं ॲप चालावं, डेटाचा दर कसा ठरावा, याचेही नियम कोणीतरी करतं. वृत्तपत्रांसाठीच्या प्रेस कौन्सिलचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर सर्वोच्च न्यायालयातून आले होते. टेलिकॉमच्या क्षेत्रात निवृत्त अधिकारी येतात. न्यायाधीश पुरावा मागतो, अधिकारी फाइल बघतो आणि गवई सूर बघतो. प्रत्येकाला काहीतरी जास्त दिसतं आणि काहीतरी दिसतच नाही. केसकरांना राग फार छान कळत होता. टपरीवरच्या माणसाला दिवसभराच्या कामानंतर काय ऐकावंसं वाटतं, ते मात्र उशिरा कळलं.

म्हणून पुढच्या वेळी एखादा नवा नियम आला की तो करणारा आधी काय करत होता, हे जरूर शोधा. आणि जमलं तर त्या टेबलावर बसायची तयारीही करा. कायदा शिका, इंजिनिअरिंग करा, पत्रकारिता करा, नाहीतर गाणं शिका. जिंतूरच्या स्टँडवर लोक काय ऐकतात हे ठाऊक असलेलं कोणीतरी तिथे असायला हवं.