केडगावच्या मळ्यातील छापखाना

पंडिता रमाबाईंचे नाव ऐकले नाही असे मराठी ख्रिस्ती घर विरळाच. दुष्काळातून त्यांनी वाचविलेल्या मुली, शारदा सदन, मुक्तीतील १९०५ सालची आध्यात्मिक जागृती, हे सारे आपण संडे स्कूलच्या वयापासून ऐकत आलो आहोत. परंतु केडगावच्या शेतात त्यांनी स्त्रियांच्या हातून अक्षराचे जे काम करून घेतले, त्याची कथा त्या मानाने कमी सांगितली जाते. तीच येथे सांगावयाची आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्यापायी स्वजातीचा रोष ओढवून घेतला. पुढे लक्ष्मीबाईंनीच आपल्या धाकट्या लेकीला धडे दिले. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थे करीत, पुराणे सांगत, गावोगाव हिंडे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नान्नदशा झाली, तीत आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी पायी उत्तरेकडे निघाले व १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

या आरंभीच्या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. विद्या रमाबाईंना एका स्त्रीच्या तोंडून मिळाली, आणि भूक म्हणजे काय हे त्यांनी स्वतः भोगले होते. पुढचे केडगाव या दोहोंतून उभे राहिले.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात असे मांडले, आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. या पुस्तकाच्या विक्रीने इंग्लंडच्या प्रवासखर्चाला हातभार लागला. वैद्यकी शिकावी म्हणून त्या १८८३ मध्ये तिकडे गेल्या. पण कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ मध्ये निघाले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. बॉस्टन येथे त्यांच्या नावाची संस्था निघून तिने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. स्वदेशी परतताच ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

अशा वेळी रमाबाईंनी जमीन पाहिली. परदेशची मदत दहा वर्षांनी थांबली तर मुलींनी खावे काय? म्हणून पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगावनजीक त्यांनी सुमारे शंभर एकर माळरान घेतले. विहिरी खणाव्या, फळझाडे लावावी, आणि बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, एवढाच हिशेब होता. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा कहर चालू होता, म्हणून त्यांना शेतावरच आसरा द्यावा लागला. १८९८ मध्ये त्या वसाहतीचे मुक्ती म्हणून समर्पण झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

या मुलींचा अक्षराशी संबंध आलेला नव्हता. कोणी गुजराती बोले, कोणी हिंदी. रमाबाईंनी त्यांना नुसते अन्नछत्र दिले नाही. शेतीचे काम, दूधदुभते, हातमाग, तेलाचा घाणा यांबरोबरच लिहिणे-वाचणे हेही रोजच्या कामाचा भाग ठरले. जिने आज बाराखडी गिरविली तिने उद्या दुसरीला शिकवावी, असा क्रम होता. लक्ष्मीबाईंनी रानात आपल्या मुलीपाशी जे केले तेच येथे शेकडो मुलींपाशी झाले.

शिकलेल्या हातांना काम हवे म्हणून छापखाना आला. देवनागरीचा छापखाना चालविणे सोपे नव्हते. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे खणांत मांडलेले असतात. कोणता खिळा कोणत्या खणात हे पाठ हवे, आणि अक्षरे उलटी वाचता आली पाहिजेत. हे काम तेव्हा पुरुषांचे मानले जाई. मुक्तीत ते स्त्रिया करीत. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, यंत्र चालविणे, पाने शिवून बांधणी करणे, सगळे त्यांच्याच हातचे. १९०७ सालचे रमाबाईंचे आत्मनिवेदन याच छापखान्यातून बाहेर पडले.

मग रमाबाईंनी सर्वांत अवघड काम हाती घेतले. मराठीत बायबल होते. परंतु त्याची भाषा खेड्यातल्या बाईला जड जाते, संस्कृत शब्दांनी ती वाकली आहे, आणि काही शब्द अन्य उपासनेचे अर्थ घेऊन येतात, असे त्यांना वाटे. म्हणून मूळ इब्री व ग्रीक भाषांतून नवे भाषांतर करावयाचे त्यांनी ठरविले. पन्नाशीकडे झुकलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या, दोन हजार जीवांचा संसार डोक्यावर असलेल्या या बाई इब्री व ग्रीक शिकल्या. हे काम १९०४ च्या सुमारास सुरू झाले आणि अठराएक वर्षे चालले. मुक्तीतील शिकलेल्या स्त्रिया त्यांच्या मदतीला होत्या.

येथे थोडे थांबून विचार करावा. ज्या स्त्रीच्या संस्कृताने कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, तिने उतारवयातील शक्ती त्या संस्कृताचा भार मराठीतून उतरविण्यात खर्च केली. मोठा शब्द तिला सहज सुचत असे. पण समोर बसलेल्या, कालपरवा वाचायला शिकलेल्या मुलीला कळेल असा शब्द शोधणे हे कष्टाचे होते. रमाबाईंची पूर्वीची पुस्तके सुशिक्षितांसाठी आणि परदेशस्थांसाठी होती. हे एक पुस्तक मात्र ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांच्याच बहिणींनी त्याचे खिळे जुळविले.

या भाषांतराचे पुढे काय झाले हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मूळ शब्दाशी अगदी चिकटून राहण्याचा रमाबाईंचा आग्रह असल्यामुळे त्यांची वाक्ये कित्येक ठिकाणी मराठीला अवघडल्यासारखी वाटतात. जाणकारांनी तसा आक्षेप घेतला. आपल्या उपासनांत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. सोपेपणा आणि मुळाशी निष्ठा या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांभाळणे किती कठीण असते, हे भाषांतर करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून त्या श्रमाचे मोल कमी होत नाही.

शेवटची वर्षे दुःखाची होती. मनोरमा आईचा उजवा हात होती. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला रमाबाईंनी काढलेली शाळा तिनेच सांभाळली. मुक्तीची धुरा तिच्यावर सोपवावयाची, असे सर्वांनी धरले होते. १९२१ मध्ये ती वारली. वृद्ध मातेने लेकीला निरोप दिला आणि ती पुन्हा मुद्रितांकडे वळली. शेवटची पाने तपासून होईतो आयुष्य दे, अशी प्रार्थना त्या करीत आणि ती ऐकली गेली, असे मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये निजल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाले.

मुक्तीचे कार्य आजही केडगावला चालू आहे. रमाबाईंची विद्वत्ता आपल्यापैकी कोणाला लाभेल असे नाही. पण आपल्या मंडळ्या बेळगावपासून बडोद्यापर्यंत आणि इंदूरपासून हैदराबादपर्यंत पसरल्या आहेत, आणि पुष्कळ घरांत मुले दुसऱ्याच भाषेत शिकतात. मुक्तीतल्या मुलीही परभाषेच्या होत्या, त्या मराठी शिकल्या त्या जवळ बसवून शिकविणाऱ्या स्त्रियांमुळे. आपल्या महिला मंडळात साक्षी सांगणाऱ्या भगिनी आहेत, गाणी रचणाऱ्या आजीबाई आहेत. त्यांच्या हाती कागद-लेखणी कोण देतो? आठवड्यातून एक तास त्यांना जवळ बसवून, सांगितलेले लिहावयास लावले, तरी केडगावच्या मळ्यातले एक रोप आपल्या अंगणात लागले असे म्हणता येईल.